फिटची गोळी: तीनच्या चार केल्या तर काय होतं

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक ताई माझ्या मेडिकलमध्ये आल्या. गिऱ्हाईक कमी होईपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, दारू सोडवायचं औषध मिळतं का? चहात टाकून देता येईल असं?" नवरा आठ-दहा दिवस झोकांड्या देत चालत होता. बोलताना जीभ अडखळत होती, शर्टाची बटणं लावताना बोटं चुकत होती. तो पोराची शपथ घेऊन सांगत होता की मी थेंबही घेतलेला नाही, आणि घरात कुणाचा विश्वास बसत नव्हता.

मी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का त्यांना?

"फिटची गोळी आहे ना. बारा वर्षं झाली. मध्ये एकदा फिट आली म्हणून त्यांनी आपली आपणच एक वाढवली. तीनच्या चार केल्या."

तो माणूस खरं बोलत होता. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त तपासलं तेव्हा फेनिटॉइनची, म्हणजे त्या फिटच्या गोळीतल्या औषधाची, लेव्हल ३१ आली. ती बहुतेकांत १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असली की फिटही थांबते आणि माणूस ठीकही राहतो. ३१ म्हणजे मेंदूचा तोल सांभाळणारा भागच औषधाने गुंगला होता.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. कुणाला किती गोळ्या द्यायच्या हे मी ठरवत नाही. पण बावीस वर्षं काउंटरमागे उभी राहून हे औषध घेणारी माणसं पाहिली आहेत, आणि त्या एका वाढवलेल्या गोळीमागे काय काय असतं ते घराघरात कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी फिट म्हणजे काय ते थोडक्यात. आकडी, फेफरं, मिरगी, झटका, नावं अनेक आहेत. मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेच्या बारीक लहरींतून निरोप देतात, आणि सहसा आपापल्या पाळीने देतात. फिटमध्ये पेशींचा एक मोठा गट एकाच वेळी, न थांबता, भराभर निरोप सोडत सुटतो. प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियम आत घेणारी बारीक दारं असतात. दार उघडलं की निरोप निघतो, मग दार क्षणभर बंद राहतं आणि पुन्हा उघडायला तयार होतं. फेनिटॉइन ते बंद झालेलं दार आणखी थोडा वेळ बंदच धरून ठेवतं. सावकाश काम करणाऱ्या पेशीला त्याने फारसा फरक पडत नाही. जी पेशी धडाधड दार उघडू पाहते, तिलाच ते अडवतं. म्हणून माणूस जागा राहतो, काम करतो, आणि फिट मात्र येत नाही.

हे वैशिष्ट्य एके काळी फार मोठी गोष्ट होती. त्याआधी मुख्यतः ब्रोमाइड आणि फेनोबार्बिटल ही औषधं होती, आणि ती फिट थांबवता थांबवता माणसाला पेंगुळलेलं करून टाकत. फेनिटॉइन १९०८ साली जर्मन रसायनतज्ज्ञ हाइनरिख बिल्ट्झ यांनी बनवलं होतं, पण तीस वर्षं ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. १९३८ साली बॉस्टनमध्ये ह्यूस्टन मेरिट आणि ट्रेसी पुटनम यांनी दाखवून दिलं की या औषधाने झोप न आणताही फिट रोखता येते.

दोन गोष्टी इथेच सांगते. एक, ही गोळी आजार मुळापासून काढत नाही. ती जोवर रक्तात आहे तोवर फिटला अडवून धरते. दुसरी, सगळ्या फिट सारख्या नसतात. अंग ताठ होऊन झटके येणाऱ्या फिटमध्ये, किंवा मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिटमध्ये ती चांगली चालते. पण मूल बोलता बोलता काही सेकंद शून्यात बघत राहतं, त्या प्रकारात ती उपयोगाची नाही. आणि वयात येणाऱ्या मुलामुलींना सकाळी उठल्यावर हाताला असे हिसके बसतात की दात घासताना ब्रश उडून पडतो, त्या प्रकारात ती हिसके वाढवूही शकते. म्हणून "शेजारच्या काकांना हीच गोळी लागू पडली" हे कारण पुरत नाही. डॉक्टरांना नेमकं काय होतं ते सांगा. जमलं तर फोनवर फिटचा व्हिडिओ काढून दाखवा. दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा तीस सेकंदांचा व्हिडिओ त्यांना जास्त सांगतो.

गिरणी एकच

आता त्या चौथ्या गोळीकडे येते.

आपल्या मनात हिशेब सरळ असतो. तीन गोळ्यांनी जेवढं औषध रक्तात जातं, चार गोळ्यांनी त्याच्या सव्वापट, फार तर दीडपट जाईल. बऱ्याच औषधांच्या बाबतीत साधारण असंच होतं. फेनिटॉइनचं तसं नाही.

औषध शरीरात गेलं की यकृत ते मोडून बाहेर काढतं. यकृताला पिठाची गिरणी समजा. इतर औषधांची दळणं आली की गिरणी त्या प्रमाणात जास्त चालते. दळण दुप्पट तर पीठही दुप्पट. फेनिटॉइनसाठीची गिरणी मात्र लहान आहे आणि एकच आहे. दिवसाला ठराविक पोती दळून झाली की तिचा वेग तिथेच थांबतो. येणारी पोती त्या मर्यादेच्या बरीच खाली आहेत तोवर सगळं सुरळीत. मर्यादेजवळ आलात की वर आलेलं प्रत्येक जादा पोतं दळलंच जात नाही, ते दारात पडून राहतं. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी एक. तिसऱ्या दिवशी आणखी एक.

पाठ्यपुस्तकांत या मोडण्याच्या वेगाचे सरासरी आकडे दिलेले असतात. ते घेऊन ६० किलो वजनाच्या माणसाचा हिशेब केला तर असं दिसतं: रोज ३०० मिलिग्रॅमला (१०० च्या तीन गोळ्या) रक्तातली लेव्हल साधारण ८ वर स्थिर होते. ३५० ला साधारण १३. आणि ४०० ला जवळपास २८. डोस एक तृतीयांशाने वाढला आणि लेव्हल साडेतीन पट झाली. प्रत्येकाची गिरणी वेगळी असते, काहींची तर जन्मतःच फार हळू चालते, त्यामुळे हे आकडे तुमच्या घरातल्या माणसाचे नाहीत. पण उडी कशी बसते ते यातून कळतं. म्हणूनच अनुभवी डॉक्टर डोस वाढवतात तेव्हा बऱ्याचदा १०० ची अख्खी गोळी न वाढवता ५० ची, कधी २५ इतकीच भर घालतात. पेशंटला वाटतं, डॉक्टर उगाच कंजुषी करतात. तसं नाही.

यात आणखी एक मेख आहे. ही पोती साचायला वेळ लागतो. डोस बदलला की रक्तातली लेव्हल नव्या जागी स्थिर व्हायला एक-दोन आठवडे जातात, कधी त्याहून जास्त. त्यामुळे वाढवलेल्या गोळीचा त्रास दुसऱ्या दिवशी होत नाही. पहिले चार दिवस छान जातात, "बघा, काही झालं नाही" असं वाटतं, आणि झोकांड्या सुरू होतात तेव्हा त्या गोळीची आठवणही कुणाला राहिलेली नसते. त्या ताईंच्या घरी हेच झालं होतं.

लेव्हल वाढत गेली की बहुतेकांत एक क्रम दिसतो. २० च्या वर गेली की बाजूला बघताना बुबुळं थरथरतात, कधी एकाचं दोन दिसतं. ३० च्या आसपास चाल बिघडते, बोलणं जड होतं. ४० च्या वर गुंगी, गोंधळलेपण. फार वाढली तर हेच औषध फिट आणूही शकतं. माणसागणिक आकडे मागेपुढे होतात, म्हणून कागदावरच्या आकड्याइतकंच चालण्याबोलण्याकडे लक्ष ठेवा. घरातलं कुणी आधी व्यवस्थित होतं आणि आता धडपडतंय, तर गोळी बंद करू नका आणि दारूचा संशयही घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

लेव्हल तपासण्याबद्दलही थोडं सांगते. रक्त सहसा सकाळची गोळी घेण्याआधी देतात, आणि डोस बदलल्यावर लगेच दोन दिवसांनी तपासून फारसं कळत नाही. शिवाय रक्तातलं जवळपास ९० टक्के फेनिटॉइन अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेलं असतं, आणि काम करतं ते उरलेलं सुटं. वयस्कर माणसं, यकृताचे किंवा किडनीचे आजार असणारे, गरोदर बायका यांच्यात अल्ब्युमिन कमी असू शकतं. मग रिपोर्टवर आकडा बरोबर दिसतो, पण सुटं औषध जास्त असतं आणि माणूस डोलत असतो. अशा वेळी "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना अल्ब्युमिनबद्दल विचारा.

"तीच आहे, कंपनी वेगळी"

हे वाक्य मीही कित्येकदा बोलले आहे. तापाच्या गोळीला ते चालतं. फेनिटॉइनला ते बोलणं मी सोडून दिलं, त्याला एक जुनी गोष्ट कारण आहे.

१९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फेनिटॉइन घेणारे बरेच पेशंट एकाएकी झोकांड्या देऊ लागले. डोस कुणी बदललेला नव्हता. शोध घेतल्यावर कळलं की कॅप्सूलमध्ये औषधाबरोबर भरायची पूड बदलली होती. आधी कॅल्शियम सल्फेट असायचं, त्याऐवजी लॅक्टोज घातलं होतं. पहिल्या पुडीमुळे औषधाचा काही भाग पोटात शोषलाच जात नव्हता. पूड बदलली, जास्त औषध रक्तात गेलं, आणि लहानशा गिरणीच्या दारात पोती साचली. ज्याचा औषधाशी काही संबंध नाही अशा भरावाने एवढं घडवलं.

ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१३ पासून सांगितलं आहे की फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटल आणि प्रिमिडोन ही फिटची औषधं घेणाऱ्या पेशंटला एकाच उत्पादकाचं औषध चालू ठेवावं. याचा अर्थ महाग ब्रँड घ्या असा नाही, आणि हे मी दुकानदार असूनही ठासून सांगते. जनऔषधीची जेनेरिक गोळी लागू पडली असेल तर तीच घ्या, फक्त दर महिन्याला बदलू नका. रिकामी स्ट्रिप फेकण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा आणि पुढच्या वेळी तो दाखवून मागा. तीच कंपनी कुठेच मिळेना तर बदलायची वेळ येतेच, पण ती डॉक्टरांना कळवून, आणि पुढचे दोन-तीन आठवडे चालण्याबोलण्यावर नजर ठेवून.

साधी गोळी आणि हळूहळू विरघळणारी गोळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हळूहळू विरघळणारी गोळी कुटून किंवा तोडून देऊ नका. लहान मुलांचं पातळ औषध तर प्रत्येक वेळी नीट हलवूनच द्यायचं. त्यात औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर पहिले पंधरा दिवस मुलाला पाणचट डोस मिळतो आणि बाटली संपत आली की दाट डोस. आधी फिट येते, मग मूल पेंगतं, आणि आईला वाटतं औषधच वाईट. मोजायला बाटलीबरोबरचं माप किंवा सिरिंज घ्या, घरातला चमचा नको. आणि हे पातळ औषध वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, तेव्हा नवी बाटली आणली की लेबलवरचा आकडा जुन्याशी ताडून बघा.

दुसरी औषधं आली की

फेनिटॉइन घेणाऱ्याला दुसरं कुठलंही औषध देताना मी दोनदा थांबते. नायट्याचं उदाहरण घ्या. आपल्याकडे नायटा म्हणजे घरोघरी, आणि फ्लुकोनॅझोलची गोळी लोक चिठ्ठीशिवाय मागतात. ही गोळी फेनिटॉइन मोडणाऱ्या गिरणीलाच ब्रेक लावते. खाज जाते आणि माणूस झोकांड्या देऊ लागतो. टीबीच्या उपचारात तर दोन उलट गोष्टी एकत्र येतात: आयसोनियाझिड लेव्हल वाढवतं, रिफॅम्पिसिन कमी करतं. कोणाचा जोर चढेल हे माणसावर अवलंबून असतं. म्हणून टीबीचं औषध सुरू होताना, आणि तितकंच ते संपताना, फिटच्या डॉक्टरांना कळायला हवं. संपतानाचं सगळे विसरतात.

ॲसिडिटीचं पांढरं औषध आणि फेनिटॉइन यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. नाकातून नळी घालून अन्न देत असाल तर त्या अन्नाच्या आणि औषधाच्या वेळांबद्दल नर्सला विचारा, तिथेही तेच होतं. रक्त पातळ करणारी औषधं, थायरॉइडची गोळी, यांच्यावर फेनिटॉइनचा परिणाम होतो. म्हणून कुठल्याही नव्या डॉक्टरसमोर बसलात की दुखणं सांगण्याआधी "मी फेनिटॉइन घेतो" हे सांगा.

झाडपाल्याला दुष्परिणाम नसतात असं म्हणणाऱ्यांना मी शंखपुष्पीचं सांगते. परीक्षा जवळ आली की मुलांना स्मरणशक्तीसाठी ती सर्रास देतात. शंखपुष्पी घेतल्यावर फेनिटॉइन चालू असूनही काही पेशंटना पुन्हा फिट येऊ लागल्याचं लक्षात आलं होतं. संशोधकांनी मग उंदरांवर प्रयोग केले, आणि दोन्ही एकत्र वारंवार दिल्यावर रक्तातलं फेनिटॉइन कमी होतं असं १९९२ साली मांडलं. आणि "फिट कायमची बरी" करणाऱ्या बिननावाच्या पुड्या? त्यांतल्या काहींमध्ये तपासणीत फेनोबार्बिटल आणि फेनिटॉइनच सापडलेलं आहे. पेशंट एकीकडे डॉक्टरची गोळी घेतो आणि दुसरीकडे नकळत तेच औषध पुडीतून, किती ते कुणालाच ठाऊक नाही. मला याचा फार राग येतो. ज्यांच्याकडे आधीच पैसे थोडे, त्यांच्याकडूनच हजारो रुपये घेऊन हे विकलं जातं.

अंगावर पुरळ ही मात्र वेगळी बाब आहे. औषध सुरू केल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत पुरळ, त्याबरोबर ताप, चेहऱ्यावर सूज, गाठी, तोंडात फोड किंवा कातडी सुटणं, यांपैकी काही दिसलं तर पुढची गोळी घेण्याआधी हॉस्पिटल गाठा. उद्या बघू म्हणू नका. ही प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. तिथले डॉक्टर हे औषध थांबवून लगेच दुसरं सुरू करतात. अशा माणसाने हे आयुष्यभर लक्षात ठेवायचं, कारण कार्बामॅझेपिनसारख्या भावंड औषधांनाही तशीच प्रतिक्रिया येऊ शकते.

वर्षानुवर्षं घेतल्यावर दिसणारे परिणाम हळू येतात. हिरड्या सुजून दातांवर चढतात. हे पुष्कळांना होतं, आणि दोन वेळ नीट ब्रश करणाऱ्याला, दर सहा महिन्यांनी दात साफ करून घेणाऱ्याला कमी होतं. अंगावर, चेहऱ्यावर केस वाढतात. ड जीवनसत्त्व आणि फोलेट कमी होऊन हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी होतं. त्यासाठी तपासण्या आहेत, गोळ्या आहेत. डॉक्टरांनी न विचारल्यास तुम्ही विचारा.

या परिणामांमुळेच तरुण मुलींना आता डॉक्टर सहसा लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिन देतात. मग फेनिटॉइन अजून का आहे? स्वस्त आहे, खेड्यातही मिळतं, आणि ज्याला लागू पडलं त्याला चांगलं लागू पडतं. वीस वर्षं एकही फिट नसलेल्या माणसाने नवं औषध निघालं म्हणून जुनं सोडावं असं मला वाटत नाही. पण तो निर्णयही डॉक्टरांबरोबर बसूनच.

लपवलेली गोळी

लग्न ठरलेल्या मुलीची आई एकटी येते आणि म्हणते, "सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, आणि पाकिटावरचं नाव फाडून द्या." हे मी दरवर्षी बघते. मुलगी सासरी लपून गोळी घेते, मग एखाद्या दिवशी घेता येत नाही, मग दोन दिवस, आणि फिट येते ती नेमकी सगळ्यांसमोर. गोळी एकाएकी बंद झाली तर नेहमीसारखी एक फिट येऊन थांबते असं नाही, एकामागून एक येत राहतात, आणि तो जिवाचा धोका असतो. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, उल्लेख लग्नातल्या अडथळ्यांमध्ये होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकला. कायद्याने जे मान्य केलं ते घराने मान्य करायला इतकी वर्षं का लागावीत? लग्नाआधी सांगा. सांगितल्यावर मोडेल ते लग्न, न सांगता टिकवण्यात त्या मुलीचा जीव पणाला लागतो.

फेनिटॉइनमुळे कुटुंबनियोजनाच्या नेहमीच्या गोळ्या निकामी होऊ शकतात, हे बहुतेक जोडप्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तांबीवर असा परिणाम होत नाही. मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधी डॉक्टरांकडे जा. फेनिटॉइनमुळे बाळाला ओठ-टाळू दुभंगणं, हृदयातले दोष, नखं-बोटं लहान राहणं यांचा धोका वाढतो. व्हॅल्प्रोएट या फिटच्या दुसऱ्या औषधात तो आणखी जास्त आहे. आधी गेलात तर औषध बदलायला वेळ मिळतो, फॉलिक ॲसिड सुरू करता येतं. पण पाळी चुकल्याचं कळल्यावर घाबरून गोळी बंद करू नका. मोठी फिट आईलाही धोक्याची आणि बाळालाही. गरोदरपणात रक्तातली लेव्हल बदलते, म्हणून तपासण्या जास्त लागतात. अंगावर पाजायला सहसा हरकत नसते.

फिट आली म्हणजे डोस कमी पडला असं नाही

त्या ताईंच्या नवऱ्याला डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला: इतकी वर्षं फिट नव्हती, मग ती एक का आली? उत्तर बऱ्याच वेळाने निघालं. आषाढी वारीला गेले होते. पावसात पिशवी भिजली, गोळ्यांचा लगदा झाला, दोन दिवस गोळीच नव्हती. त्यात रात्री भजनात जागरण, पहाटे चालणं सुरू. तिसऱ्या दिवशी फिट. घरी आल्यावर गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण मनात भीती बसली आणि चौथी वाढली.

म्हणजे तीन गोळ्या पुरेशाच होत्या. दोन दिवस त्या पोटात गेल्या नव्हत्या, एवढंच.

फिट परत आली की आधी हेच शोधायचं. गोळी चुकली का? कंपनी बदलली का? उलटी-जुलाब झाले का? ताप, जागरण, रात्रपाळी, दारू, नवं औषध? उपवास करायचाच असेल तरी गोळी पाण्याबरोबर घेतल्याने तो मोडत नाही, आणि ज्यांना तसं वाटतं त्यांनी देवाला सांगून टाकावं. गोळी विसरली आणि आठवण लवकर झाली तर लगेच घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती एकच घ्या, दोन एकदम नको. लागोपाठ एकाहून जास्त चुकल्या तर डॉक्टरांना फोन करा.

फिट पूर्ण आवरलेली नसेल तोवर विहिरीवर, तळ्यात, शेताच्या मोटरपाशी एकटं जाऊ नये. आंघोळ बादलीने, दाराला कडी न लावता. गाडीच्या लायसन्सच्या अर्जात अपस्माराबद्दल सरळ विचारलेलं असतं, तिथे खोटं लिहू नका. रस्त्यावर तुमच्यासमोर येणाऱ्याचाही तो प्रश्न आहे. अपस्मार असलेल्या प्रौढांत दरवर्षी हजारात साधारण एकाचा मृत्यू इतर कारण न सापडता अचानक होतो, आणि ज्यांच्या मोठ्या फिट आवरलेल्या नाहीत त्यांना हा धोका जास्त असतो. घाबरवायला सांगत नाही. गोळी वेळेवर घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

समोर कुणाला फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल, हातात चावी यांनी फिट थांबत नाही, ती बहुधा एक-दोन मिनिटांत आपली आपण थांबते. पाच मिनिटांवर गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो अशाच वेळी वापरायचा असतो. घरातल्या दोघांना तो वापरता यायला हवा.

गोळी कधीतरी बंद होते का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पुष्कळांची होते. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त फिट नसली की डॉक्टर फिटचा प्रकार, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी), एमआरआय बघून विचार करतात, आणि मग महिनोन्महिने थोडी थोडी कमी करत नेतात. डुकराच्या पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठ झालेली असते, आपल्याकडे हे कारण बरंच आढळतं. अशी एकच गाठ असेल आणि ती विरघळून गेली तर गोळी त्याहून लवकरही थांबू शकते. काहींना आयुष्यभर घ्यावी लागते. ब्लडप्रेशरची घेतात तशीच.

ताईंचे मिस्टर पुन्हा तीन गोळ्यांवर आले. चौथी बंद झाल्यावरही चाल सुधारायला दोनेक आठवडे लागले, साचलेली पोती दळायला तेवढा वेळ लागतोच. यंदा वारीला निघण्याआधी ते स्वतः दुकानात आले. गोळ्या दोन प्लास्टिकच्या डब्यांत भरून घेतल्या, एक आपल्या कमरेच्या पिशवीत आणि एक दिंडीतल्या चुलतभावाकडे. स्ट्रिपचा फोटो फोनमध्ये होता. रोज रात्री आठचा गजर लावून घ्यायला त्यांना येत नव्हतं, तेवढा मी लावून दिला.